तेहतिसाव्या भट्टीपासून

१

गोदामवालीने खोका उघडला, पहिला कप काढला आणि टेबलावर न ठेवता सरळ माझ्या हातात कोंबला.

"ताई, हे तुम्हीच बघा. माझ्याच्याने होत नाही."

मी बघितलं. राखाडी झिलईचा मातीचा कप. कान कपाला जिथे चिकटतो तिथे अंगठ्याचा ठसा होता, ओल्या मातीत दाबलेला आणि भट्टीत भाजून पक्का झालेला. ठशावरून जुन्या जखमेची एक तिरपी रेघ गेली होती. तसा अंगठा जगात एकाच माणसाला होता. त्या माणसाला सगळे 'थोरले' म्हणत आणि ते दोन महिन्यांपूर्वी वारले होते.

मी कप उलटा केला. तळाला भट्टीचा आकडा कोरलेला होता, एकेचाळीस. थोरल्यांच्या कारखान्यात महिन्याला एकच भट्टी लागते. ते गेले त्या महिन्यात एकोणचाळिसावी लागली होती.

"त्यांनी आधी करून ठेवलेला माल असेल गं," मी म्हणाले.

"आकडा ओल्यात कोरलाय ताई. कडा कशा मऊ आहेत बघा. वाळल्यावर कोरला असता तर टवके उडाले असते. तुम्हीच शिकवलंत ना मला?"

शिकवलेलं कधी कधी असं आपल्याच अंगावर येतं.

आमचा धंदा न्याय्य व्यापाराचा. लांबच्या लहान कारागिरांकडून माल थेट घ्यायचा, मध्ये दलाल नाही, आणि प्रत्येक वस्तूबरोबर ती करणाऱ्याचा फोटो आणि चार ओळींची हकिगत द्यायची. गिऱ्हाईक वस्तू घेतं तसं माणूसही घेतं, असं आमच्या मालकीणबाई म्हणतात. थोरल्यांचा कप आमचा सर्वांत लाडका. कप धरला की आपला अंगठा त्यांच्या अंगठ्याच्या खळग्यात बसायचा. लोक पत्रं लिहायचे, की सकाळी कुणीतरी हात धरल्यासारखं वाटतं.

माझं काम त्या मानाने रुक्ष. आलेला माल मोजून घ्यायचा. उंची, काठ, बूड, कानाची जाडी. खिशात कायम कॅलिपर असतो, म्हणून माझ्या पाठीमागे सगळे मला 'मोजपट्टी' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, एवढा माझा धाक आहे.

कप घेऊन मी वर गेले. मालकीणबाईंनी तो लांबूनच बघितला, हात लावला नाही.

"तू जाऊन ये," त्या म्हणाल्या. "ठसा खोटा निघाला तर मला त्या कारखान्याशी संबंध तोडावा लागेल. लोकांना मी त्या माणसाच्या हाताची हमी दिली आहे."

"तिथे बारा घरं आहेत. सगळी आपल्याच कपांवर उभी आहेत."

"मला माहीत आहे. म्हणून तर तुला पाठवते आहे."

जिना उतरताना मी सवयीने अंगठा खळग्यात ठेवला. तीन वर्षं माझ्या रोजच्या जुन्या कपात तो त्या खळग्यात सुखाने बसत आला होता. आज तो बसेना. मेलेल्या माणसाचा अंगठा लहान झाला होता.

२

प्रत्येक भट्टीतला एक कप मी नमुना म्हणून बाजूला ठेवते. नमुन्यांच्या खोलीत दुपारी ऊन येत नाही आणि तिथे मातीचा गार वास कोंडलेला असतो. एरवी त्या खोलीत मला शांत वाटतं. त्या दिवशी फळीवर ओळीने ठेवलेले ते ठसे बघून मी दारातच थांबले. माणूस गेला होता आणि त्याचा हात इथे रांगेत उभा होता.

मी एकेचाळीसपासून उलट मोजत निघाले. ठशाची रुंदी अठरा मिलिमीटर. चाळीस, अठरा. एकोणचाळीस, अठरा. जखमेची रेघ तीच आणि भोवरेही तेच. भिंग लावून बघितलं, एकही रेषा इकडची तिकडे नाही. फक्त सगळं लहान. मी मागे मागे जात राहिले. चौतीस, अठरा. तेहतीस, अठरा.

बत्तीस, वीस.

एकतीस वीस, तीस वीस, आणि तिथून थेट पहिल्या भट्टीपर्यंत वीस.

मी स्टुलावर बसले. मरणाने माणसाचा अंगठा लहान होतो असं कुणी ऐकलं आहे का? आणि हा अंगठा तर माणूस मरण्याच्या सहा महिने आधीच लहान झाला होता. त्या सहा महिन्यांत थोरले जिवंत होते. छत्तिसाव्या भट्टीच्या वेळी मी स्वतः कारखान्यात जाऊन आले होते. ते सोयऱ्यांकडे गेलेत, भेट होणार नाही, असं मला सांगितलं होतं. मी 'बरं' म्हटलं, मालाची मापं घेतली आणि परत आले.

थोरले चाकावर होते तर ठसा लहान का? आणि चाकावर नव्हते तर होते कुठे?

३

कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, मध्ये अंगण आणि अंगणाच्या टोकाला भट्टी. शेडमध्ये चार चाकं फिरत होती. मी आत पाऊल टाकलं तशी चारही थांबली. कुणी 'या' म्हणालं नाही.

थोरल्यांची लेक कपांना कान चिकटवत बसली होती. पस्तिशीची, कोपरापर्यंत माती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तिच्या बघण्यात राग होता की आणखी काही, ते मला तेव्हा कळलं नाही.

कारखान्याचे चिटणीस लगबगीने पुढे आले. पूर्वी शाळामास्तर, आता पत्रव्यवहार, खोकी, लेबलं सगळं त्यांच्याकडे. तोंडात साखर ठेवूनच बोलतात. त्यांनी मला ऑफिसच्या खोलीत नेऊन मागच्याच खुर्चीवर बसवलं.

"थोरल्यांनी कच्चा माल बराच करून ठेवला होता बाई. तोच आता भाजून पाठवतोय. त्यांची आठवण म्हणून."

"आकडा ओल्यात कोरलाय."

"असं? मग पोरांनी पुढचा आकडा आधीच टाकून ठेवला असेल."

"दोन महिने पुढचा?"

ते हसले. "तुम्ही फार बारीक बघता बुवा."

"थोरले चाकावर कधीपर्यंत बसत होते?"

"अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. सकाळी कप केले, दुपारी पडले, संध्याकाळी गेले. पुण्यवान माणूस."

इतकं गुळगुळीत उत्तर मी कुठल्या कपावरही बघितलं नव्हतं. खोली शांत होती, आणि त्या शांततेतच माझ्या लक्षात आलं की मागच्या वेळी ती शांत नव्हती. याच खुर्चीवर बसले होते आणि पाठीमागच्या भिंतीतून आवाज येत होता. थप. थांबून थप थप. मी विचारलं होतं, तर चिटणीस म्हणाले होते, पलीकडे माती थापतायत.

"माती कुठे थापता तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी सहज खिडकीतून बोट दाखवलं आणि दाखवता दाखवता त्यांचं बोट थबकलं. माती थापायचा ओटा भट्टीजवळ होता, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. दगडी, जमिनीत पक्का बसवलेला. त्याच्यावर वीस वर्षांची माती चढलेली होती.

मग त्या दिवशी माझ्या पाठीशी कोण थापत होतं?

४

थोरल्यांचे धाकटे भाऊ गल्लीच्या तोंडाशी राहतात. तेही मातीतलेच, पण कधीकाळी आमच्या कंपनीने त्यांचे कप नाकारले होते आणि तेव्हापासून त्यांचं कारखान्याशी पटत नाही. नाकारणारी मीच. काठ तीन मिलिमीटर वाकडा होता.

"या मोजपट्टीबाई," ते म्हणाले. हा पहिला माणूस, ज्याने तोंडावर म्हटलं. "दादा मेला तरी त्याला कामाला लावलंय म्हणे तुमच्यासाठी."

"तुमची त्यांची शेवटची भेट कधी?"

त्यांचा चेष्टेचा सूर एकदम गेला. "आठ महिने झाले. नंतर भेटूच दिला नाही. गेलो की म्हणायचे झोपलाय, ताप आहे, उद्या या. पटत नसलं म्हणून काय झालं, सख्खा भाऊ ना मी? शेवटी मेल्यावर बोलावलं. बघितला तर नुसती हाडं. चाकावर बसलेला माणूस असा होत नाही हो, बाई."

मी पिशवीतून दोन कप काढून त्यांच्यापुढे ठेवले, बत्तीस आणि एकेचाळीस. त्यांनी दोन्ही ठशांवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी तोंड वळवलं.

मग उठले आणि फळीवरून दोन झाकणं आणली. नक्षी एकच, पण एक मोठं आणि एक लहान. "हे मोठं माझ्या बापाचं. त्याच्यावर ओली माती दाबून साचा घेतला आणि त्या साच्यातून हे लहान काढलं. माती भाजली की आक्रसते. आमची ही माती दहात एक भाग जाते. भाजलेल्या वस्तूवरून साचा घ्याल, तर ती एकदा आक्रसलेलीच असते. नवी वस्तू भाजताना पुन्हा आक्रसते."

मी मनात हिशेब केला. विसाचा दहावा भाग दोन. वीसचे अठरा. कुणीतरी थोरल्यांच्या भाजलेल्या कपावरून ठशाचा शिक्का बनवला होता आणि नव्या ओल्या कपांवर तो दाबत होतं.

"हे काम मातीतल्या माणसाचं नाही," धाकटे म्हणाले. "आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा ही चूक करणार नाही. ते आधी नमुना दहाव्या भागाने मोठा करून घेईल, मग साचा घेईल. ज्याने कधी चाकाला हात लावला नाही, असाच कोणीतरी असणार."

मातीला हात न लावणारा माणूस त्या कारखान्यात एकच होता.

५

मी परत गेले ती ऑफिसात न जाता त्याच्या भिंतीला वळसा घालून मागच्या खोलीच्या दाराशी. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. चिटणीस "बाई, तिकडे अडगळ आहे," म्हणत धावत आले, तोवर मी दार लोटलं होतं.

आत एक खाट आणि एक कोनाडा. खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला. खाटेलगतच्या भिंतीवर, पडल्या पडल्या हात पोहोचेल तेवढ्या उंचीवर, एका जागचा गिलावा उडून वीट दिसत होती. त्या भिंतीपलीकडे माझी खुर्ची होती.

मी खाटेच्या कडेला टेकले, मग कुणाच्या खाटेवर बसलो आहोत हे आठवून उठले.

"ते इथे होते," मी म्हणाले. "मी आले तेव्हा. ते मला बोलावत होते."

चिटणिसांच्या तोंडची साखर विरघळली. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि मग सगळं सांगितलं, खाली बघत. बत्तिसावी भट्टी गेली आणि थोरल्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. त्या संध्याकाळी बाराही घरांची बैठक बसली. चिटणिसांनी आमच्या कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. पत्र त्यांच्या खिशात होतं, अजूनही. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. खाली मालकीणबाईंची सही होती: आमचं नातं थोरल्यांच्या हाताशी आहे, तो हात थांबला, तर या नात्याचा नव्याने विचार करावा लागेल.

"आम्ही काय करायचं होतं, सांगा?" ते म्हणाले. "डॉक्टर आणला असता तर गावभर झालं असतं. गावातून तुमच्यापर्यंत पोहोचलं असतं. वाटलं, बरे होतील. महिन्या दोन महिन्यांत हात हलेल. आम्ही त्यांना उपाशी ठेवलं नाही हो. पण माणूस अन्नावर वासनाच ठेवीना."

"आणि शिक्का?"

"तो करायला मी सांगितला, हे कबूल आहे. पण बनवला मी नाही." त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. पांढरे, स्वच्छ, मास्तरी पंजे. "मला माती मळतासुद्धा येत नाही. बोटांच्या रेषा उठतील असा शिक्का मी काय करणार?"

खरंच होतं ते. शिक्क्यात भोवऱ्याची एकही रेषा मोडली नव्हती. असलं काम फार तयारीचा हातच करू शकतो. म्हणजे शिक्का मातीतल्याच माणसाने केला होता, आणि मातीतल्या माणसाने शेंबड्या पोरानेही केली नसती अशी चूक केली होती.

चूक होत नसेल, तर ती केलेली असते.

धाकट्यांना आठ महिने दारात उभं केलं नव्हतं. मग उरलं कोण? कान लावायचा आणि त्याच दमात ठसा उमटवायचा, हे काम ज्या हाताचं, तो हात.

६

लेक अजून तिथेच बसली होती. बाकीचे उठून गेले होते. तिच्यापुढे फळीवर बिनठशाचे ओले कप होते आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मी विचारायच्या आधीच तिने फडकं सोडलं. सुपारीएवढा मातीचा गोळा, एका अंगाला थोरल्यांचा अंगठा.

"भाजलेल्या कपावरून घेतलास," मी म्हणाले. "मुद्दाम."

तिने मान हलवली.

"बाबा तर जिवंत होते. त्यांचाच अंगठा का नाही लावला?"

"लावायला गेले होते ना. पहिल्याच दिवशी ओला कप घेऊन गेले. चिटणीसकाकांनी सांगितलं होतं, नुसता टेकव, हात लुळाच आहे, त्यांना कळणारही नाही." मातीचा हात तिने कपाळाला लावला आणि तिथे माती राहिली. "त्यांनी डाव्या मुठीत उजवा अंगठा धरला, ताई. घट्ट. मी सोडवायला लागले तर माझ्याकडे असं बघितलं की मी परत फिरले. जो कप त्यांनी केला नाही त्याच्यावर ते अंगठा देणार नव्हते. नंतर झोपेतसुद्धा मूठ सोडली नाही."

"मग बोलली का नाहीस? कुणाला तरी सांगायचंस."

"कुणाला? बारा घरांत एक माझं आहे. शेजारच्या घरात माझी नणंद, पलीकडे मावशी. माझ्या एका शब्दावर सगळ्यांच्या चुली विझल्या असत्या. बैठकीत मीही हात वर केला होता." ती हमसून रडली नाही. रडणं तिच्याकडे उरलंच नसावं. "पण शिक्का माझ्या हातात होता. म्हटलं, तोंडाने नाही तर हाताने सांगू. बाबा नेहमी म्हणायचे, तिकडे एक बाई आहे, तिच्या नजरेतून केसाएवढा फरक सुटत नाही. काठ वाकडा असेल तर ती धाकट्याचासुद्धा माल परत पाठवते. मी म्हटलं, तेहतिसावी भट्टी पोहोचली की बाई येईल."

मला तिथे बसवेना आणि उठवेना. महिन्यामागून महिना तिने मला एकेक खोका धाडला होता. दर खोक्यात दोनशे कप, दर कपावर तेच सांगणं. मी प्रत्येक खोक्यातला कप मोजला होता. उंची, काठ, बूड, कान. अंगठा मोजायचं मला कधी सुचलंच नाही. तो मोजायच्या यादीत नव्हता, तो फक्त छान वाटायचा.

मी तिच्यासमोरच फोन लावला आणि मालकीणबाईंना सगळं सांगितलं, पत्रासकट.

"ते पत्र मी कौतुकाने लिहिलं होतं गं," त्या म्हणाल्या. "त्यांना बरं वाटावं म्हणून." मग म्हणाल्या, "अहवालात काहीही झाकू नकोस. माझं पत्र लाव. लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन. संबंध तोडायचा नाही. कप येऊ देत. तिला विचार, तिचा अंगठा लावेल का?"

मी विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. "बाबांनी दिला नाही, मी कशाला देऊ? कप चांगला असेल तर कप म्हणून घ्या. मी मेल्यावर तुम्ही पुन्हा शोधत याल."

फोनवरून मालकीणबाईंनी ते ऐकलं. "चालेल," एवढंच म्हणाल्या.

मी तिथल्याच फळीवर कागद ठेवून अहवाल लिहायला घेतला. 'जबाबदारी कोणाची' या रकान्यात चिटणिसांच्या आणि मालकीणबाईंच्या आधी माझं नाव घातलं. लेक बघत होती. तिने अडवलं नाही.

पण एक गोष्ट मला सुटत नव्हती. लिहिता लिहिता मी विचारलं, "मी आले होते की गं इथे. छत्तिसाव्या भट्टीला. दोन तास होते. त्या दिवशी तरी माझ्या कानात सांगायचंस."

"चिटणीसकाका हललेच नाहीत तुमच्याजवळून," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला पाणी द्यायला मी आले. दोन कप भरून आणले होते, आठवतं? एक बत्तीसचा, एक तेहतीसचा. दोन्ही तुमच्या दोन हातांत दिले. ठशावर अंगठा येईल असे धरून दिले."

मला आठवलं. दोन कप कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कॅलिपर काढला होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. भिंतीतून आवाज येत होता.

"तुम्ही म्हणालात, उंची अगदी सारखी आहे, छान," लेक म्हणाली. "आणि पाणी पिऊन कप परत दिलेत."